बेचाळीस मिनिटं

सात हिवाळे मी एका अशा मुलखातल्या बर्फाचा अंदाज लिहिला, जिथे मी कधी पाऊलही टाकलं नव्हतं. उत्तर अमेरिकेतलं एक अफाट तळं, त्याच्या दक्षिण काठावरची सात-आठ गावं, दोन महामार्ग आणि असंख्य छोटे पूल. कुठल्या गावात किती बर्फ पडेल, वारा कुठून येईल, रस्ते किती वाजता गोठतील, हे सगळं मी सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या एका ऑफिसात, एसीखाली शाल गुंडाळून बसून सांगत असे. तिकडे रात्र असते तेव्हा इकडे दिवस असतो. तिकडच्या माणसांना रात्रभर जागवण्यापेक्षा इकडच्यांना दिवसा कामाला बसवणं कंपनीला सोयीचं होतं.

आमचा अंदाज कुणी हौसेने वाचत नव्हतं. रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या गाड्यांचा तिथे एक डेपो होता, त्याच्यासाठी तो असायचा. मिठाने बर्फ वितळतो, रस्त्याला धरत नाही. पण मीठ वेळेवर पडायला हवं. फार आधी टाकलं तर वाऱ्याने उडून जातं, उशिरा टाकलं तर खाली आधीच बर्फाची काच तयार झालेली असते. म्हणून रोज तिकडच्या रात्री नऊ वाजता, म्हणजे आमच्या सकाळी दहाला, आमचं बुलेटिन डेपोवर पोचायचं. साडेनऊला तिथली रात्रपाळीची बाई ठरवायची की ड्रायव्हरांना थांबवून घ्यायचं की घरी पाठवायचं. इतकी सरळ गोष्ट होती.

सिंगापूरला स्वतःचं असं हवामान नाही. दुपारी गडगडाट, मग पाऊस, मग घाम. पुण्यात हवामानशास्त्र शिकून इथे आलेल्या माणसाला इथल्या आभाळात करण्यासारखं काही नव्हतं. त्यामुळे त्या लांबच्या तळ्यावर माझा जीव जडला, हे खरं आहे. वारा पश्चिमेकडून दहा अंश उत्तरेला सरकला की बर्फाचा पट्टा एका गावावरून उठून दुसऱ्या गावावर जातो, हे मला सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीतून समोरचा ब्लॉक दिसावा तितकं स्वच्छ दिसायचं. डाव्या मनगटावर मी त्यांच्या वेळेचं घड्याळ बांधायचे. माझी मुलगी प्रायमरी टूमध्ये, म्हणजे दुसरीत होती. तिला एवढंच कळलं होतं की तिथे बर्फ पडला की शाळेला सुट्टी. "सो शिओक लाह, मम्मी," ती म्हणायची, शिओक म्हणजे इथल्या बोलीत मस्त, "यू जस्ट टेल देम एव्हरी डे स्नो, कॅन?"

आता त्याच्याविषयी. तो माझा सीनियर. कोथरूडचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तोंडावर मी त्याला सर म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. इथे एकेरीत लिहिते आहे, तेवढं समाधान मला घेऊ द्या.

त्याने दीड वर्ष कुठल्याशा थंड देशात पदवीसाठी काढलं होतं आणि त्या दीड वर्षावर तो आयुष्यभर बसून खाणार होता. अंदाजावरून वाद झाला की मी नकाशे काढायची, आकडे दाखवायची. तो खुर्ची मागे ढकलून हसायचा. "अगं, तू बर्फ पाहिलायस का कधी? मी त्यात चाललोय." पुढे बोलणंच खुंटायचं. पेशव्यांच्या पंगतीत जेवल्यासारखं तो ते सांगायचा.

त्याची आणखी एक खोड होती. जादा काम सांगायचं असलं की तो मराठीत बोलायचा. "अगं ऐक ना, एवढं बघून टाकशील का, घरचं समज." अप्रेझलला मात्र फक्त इंग्रजी. सात वर्षांत माझं कौतुक त्याने मराठीत पुष्कळ केलं आणि इंग्रजीत एकदाही केलं नाही. वरची माणसं इंग्रजीच वाचतात.

पण खरी चलाखी वेगळीच होती. बुलेटिन मी लिहायची, मग ते तपासायला त्याच्याकडे जायचं. आमच्या सिस्टिममध्ये असं होतं की तपासणाऱ्याने काही न बदलता बटण दाबलं तर खाली लिहिणाऱ्याचं नाव राही. एखादा शब्द जरी बदलला तरी शेवटचा हात लावणाऱ्याचं नाव लागे. हे त्याला पहिल्याच महिन्यात कळलं. तेव्हापासून त्याने माझ्या एकाही बुलेटिनला तसंच जाऊ दिलं नाही. मी "जोरदार वारा" लिहिलं की तो "बऱ्यापैकी जोरदार वारा" करायचा. मी "हलका बर्फ" म्हटलं की तो "किरकोळ बर्फ" म्हणायचा. एकदा त्याने फक्त एक स्वल्पविराम काढला होता. रोज एक शब्द आणि रोज खाली त्याचं नाव. डेपोवरच्या बाईला सात वर्षं वाटत होतं की हे सगळं तो लिहितो. ती त्याला नाताळात शुभेच्छा पाठवायची आणि तो त्या मला वाचून दाखवायचा.

मी तेव्हा का बोलले नाही, असं कुणीही विचारेल. नवऱ्याने तर रोज विचारलं. सुरुवातीला वाटलं, जाऊ दे, काम तर मिळतंय. मग दिवाळीला त्याच्या घरी चकली-चिवडा खाऊन आले, त्याच्या बायकोने माझ्या मुलीला फ्रॉक दिला. एकदा खाल्लं की बोलायची चोरी होते. परदेशात आपलं माणूस म्हणून आपण किती काय गिळतो, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. मीही गिळत गेले आणि ते सगळं आत कुठेतरी साठत गेलं.

सातव्या हिवाळ्यात वरून निरोप आला की कामाचा पसारा आवरायचा आहे, आमच्या टेबलावर मार्चनंतर एकच माणूस राहील. दोघांचेही एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचे परवाने, मार्चमध्येच संपत होते. ज्याला ठेवायचं त्याचा पास पुढे करणार, दुसऱ्याचा नाही. कुणाला ठेवायचं, ते मागच्या दोन हिवाळ्यांची बुलेटिनं पाहून ठरणार होतं. बुलेटिनं, म्हणजे त्यांच्या खालची नावं.

मी उपाशी मरणार नव्हते. नवऱ्याची नोकरी चांगली होती. मी त्याच्या पासवर डिपेंडंट, म्हणजे अवलंबून असलेली, म्हणून राहिले असते. पण हा शब्द त्या कार्डावर छापलेला असतो आणि मी तो इथे आल्यावर पहिली दोन वर्षं पाकिटात घेऊन हिंडले होते. दुकानात, बँकेत, मुलीच्या शाळेत, जिथे कार्ड मागतील तिथे. पुन्हा तो मी घेणार नव्हते.

मी त्याच्या केबिनमध्ये गेले आणि सरळ म्हटलं, "सर, बुलेटिनं मी लिहिते, एवढं तुम्ही वर कळवा. तुमच्याविरुद्ध काही नाही. फक्त जे आहे ते सांगा."

तो इंग्रजीत म्हणाला, "मी बघतो काय करता येतं ते." त्याने इंग्रजी काढलं तिथेच मी समजले.

पत्र त्याने खरंच लिहिलं. चुकून नव्हे, मुद्दाम मला प्रत पाठवून. त्यात होतं, "माझ्या काटेकोर देखरेखीखाली ही ड्राफ्ट तयार करते, मेहनती आहे, मात्र हिवाळ्याचा प्रत्यक्ष अनुभव नसल्याने तिच्यावर स्वतंत्र जबाबदारी टाकता येणार नाही." मी ते तीनदा वाचलं. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. आरशात बघून मी स्वतःशी मोठ्याने बोलले, "याला मी सोडणार नाही." पलीकडे हात धुणारी चिनी मुलगी दचकली. तिला वाटलं, मी तिलाच काही म्हणाले.

सुडाची भावना फार नीटनेटकी असते, हे मला तेव्हा कळलं. माझी झोप सुधारली. मी वेळेवर जेवायला लागले. कामात इतकं लक्ष लागलं की तसं कधी लागलं नव्हतं. मी फक्त वाट बघत होते, त्याचं बोट कुठेतरी अडकायची.

तो गुरुवार होता. म्हणजे आमचा गुरुवार. सकाळी आठला मी येऊन बसले तेव्हा तळ्याकाठी बुधवारची संध्याकाळ होती. आधीचे सगळे अंदाज एकमताने सांगत होते की गोठणारा पाऊस गुरुवारी रात्री येईल. गोठणारा पाऊस म्हणजे वरून साधं पाणीच पडतं, पण रस्त्याला टेकलं की तिथल्या तिथे बर्फ होतं. पांढरं काही दिसत नाही. रस्ता फक्त ओला दिसतो. बर्फाच्या वादळाला सगळे घाबरतात आणि घरी बसतात. याला कुणी घाबरत नाही, म्हणून याच्यातच माणसं जातात.

मला त्या सकाळी वारा बघून शंका आली. तो ईशान्येला वळला होता, कुणी म्हटलं नव्हतं इतक्या लवकर. ईशान्येचा वारा जमिनीलगत थंडी ओढून आणतो आणि वर उबदार ढग तसेच राहतात. मी दीड तास नकाशे पुढेमागे केले, तीन ठिकाणच्या रस्त्यांवरच्या तापमानयंत्रांचे आकडे पाहिले. मग खात्री पटली. पाऊस उद्या नाही, आजच येणार होता. त्यांच्या बुधवारी, मध्यरात्रीच्या सुमारास. तो एक दिवस आधीच येतोय, हे ओळखलेलं आख्ख्या प्रांतात दुसरं कुणी नव्हतं. अंगावर काटा आला. असा अंदाज आयुष्यात एकदा मिळतो.

मी लिहिलं, "आज रात्री बाराच्या सुमारास गोठणाऱ्या पावसाला सुरुवात. आधीच्या अंदाजात बदल. पूल सर्वांत आधी गोठतील." आणि त्याच्याकडे पाठवलं.

तो दोन दिवसांची रजा संपवून आदल्या रात्रीच पुण्याहून परत आला होता. अकरा वाजता त्याचं वरच्यांसमोर प्रेझेंटेशन होतं, पुढच्या हिवाळ्यात टेबल एकट्याने कसं चालवणार याचं. काचेतून मला तो दिसत होता. एका हाताने टाय नीट करत दुसऱ्या हाताने माझं बुलेटिन उघडत होता. दहा वाजता ते डेपोवर गेलं.

दहा वाजून आठ मिनिटांनी मी गेलेलं बुलेटिन उघडलं, रोजच्यासारखं, आज त्याने कुठला शब्द बदलला ते बघायला. हा माझा रोजचा उद्योग होता, खपली काढण्याचा. "बाराच्या सुमारास" होतं. "पूल" होते. पण "आज रात्री" नव्हतं. तिथे त्याने "गुरुवारी रात्री" केलं होतं. मथळ्यातही आणि पहिल्या ओळीतही.

त्याच्या फोनवर गुरुवार होता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गुरुवार होता. काहीतरी बदलायलाच हवं होतं, म्हणून त्याने आजच्या जागी वार घातला, आपला वार. तिकडे अजून बुधवार होता. डेपोवर ती बाई वाचणार होती की पाऊस उद्या रात्री आहे, आणि आधीपासून सगळे तेच म्हणत होते. "आधीच्या अंदाजात बदल" हे वाक्य त्याने विसंगत वाटलं म्हणून काढून टाकलं होतं. खाली तासातासाचा तक्ता बरोबर होता, पण मथळा शांत असला की तक्ता कोण बघतं?

मला पहिल्यांदा काय वाटलं, ते लपवणार नाही. मला आनंद झाला. पोटातून वर आलेला, गरम, स्वच्छ आनंद. सात वर्षांनी त्याचं बोट अडकलं होतं आणि तेही त्याच्याच खोडीत. फोन माझ्या हाताशी होता. डेपोचा नंबर पहिल्या बटणावर होता. मी उठून पँट्रीत गेले आणि चहा करून घेतला.

मी विचार केला तो असा. आत्ता फोन केला तर बुलेटिन दुरुस्त होईल, तो "अगं, बरं झालं" म्हणेल आणि दुरुस्तीतला एक शब्द बदलून पुन्हा आपलं नाव लावेल. कुणाला काही कळणार नाही. मार्चमध्ये मी घरी. पण तिकडे साडेनऊ वाजले, बाईने ड्रायव्हरांना घरी पाठवलं आणि मग मी फोन केला, तर? मग सगळ्यांना परत बोलवावं लागेल, चौकशी होईल, चूक कुणाची आणि पकडली कुणी, हे दोन्ही कागदावर येईल. पाऊस बाराला. दहाच्या आत बोलावलं तर माणसं साडेदहा-अकरापर्यंत येतील. तासभर हातात राहतो. कुणाला धक्का लागत नाही. मी चहाचा कप धरून हे सगळं ठरवलं, अगदी शांतपणे, वाणसामानाची यादी करावी तसं.

डाव्या मनगटावर साडेनऊ झाले. मी बसून राहिले. काचेपलीकडे तो स्लाइड पुढेमागे करून बघत होता. नऊ पस्तीस. नऊ चाळीस. गाड्यांच्या चाव्या टांगून माणसं घरी निघाली असतील, मी मनात म्हटलं. त्याला हाक मारून सांगावं असं एकदाही वाटलं नाही. दहा मिनिटं आणखी जाऊ दिली, म्हणजे सगळे नीट घरी पोचतील आणि परत बोलावणं चांगलं ठसठशीत होईल. मिनिटकाटा आठवरून पन्नासवर, म्हणजे बेचाळीस मिनिटं. मग मी फोन लावला आणि आवाजात धाप आणली.

"बुलेटिनमध्ये चूक आहे," मी म्हणाले. "पाऊस आज रात्री आहे. उद्या नाही. आज."

ती बाई म्हणाली, "देवा. मी सगळ्यांना घरी पाठवलं." आणि फोन न ठेवताच ती कुणाला तरी ओरडून हुकूम द्यायला लागली. मी तोवर सगळ्या वरिष्ठांना मेल लिहिली, माझा मूळ ड्राफ्ट जोडून. शेजारी पाठवलेलं बुलेटिन. एकात "आज", दुसऱ्यात "गुरुवारी". प्रेझेंटेशन सुरू झालं तेव्हा समोर बसलेल्या प्रत्येकाच्या फोनवर ती मेल होती. काचेतून मला त्याचा चेहरा दिसला. मी तो मन भरून पाहिला. खोटं कशाला बोलू, आजही आठवला की बरं वाटतं.

पाऊस बाराला आला नाही. पावणेअकराला आला.

अंदाज माझाच होता आणि तो सव्वा तासाने चुकला. एरवी बाकी सगळे एका दिवसाने चुकलेल्या पावसात सव्वा तास म्हणजे काहीच नाही, लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पण परत बोलावलेले ड्रायव्हर तेव्हा आपापल्या गाड्या घेऊन डेपोकडे येत होते. मीठ न पडलेल्या रस्त्यांवरून, कारण मीठ टाकणारे तेच होते. बाकीचे हळूहळू पोचले. एकजण पुलावर घसरला. कठडा तोडून गाडी खालच्या चरात उलटली. माणूस जगला. कंबरेचं हाड तीन ठिकाणी मोडलं आणि एक पाय कायमचा आखूड झाला. वय त्रेपन्न. मिठाच्या गाडीवर त्याला सव्वीस वर्षं झाली होती. साडेनऊच्या आधी फोन गेला असता तर तो डेपोवर कॉफी पीत बसलेला असता.

उरलेल्या गाड्यांनी पहाटेपर्यंत महामार्ग आणि शाळांचे रस्ते सांभाळले. सकाळी शाळेच्या बसेस निघाल्या नाहीत. त्या बाईने नंतर मला सांगितलं, "तुझा फोन आला नसता तर मुलांनी भरलेल्या बसेस त्या पुलावर गेल्या असत्या." हेही खरंच आहे. दोन्ही खरं आहे, आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही. मी पुष्कळ प्रयत्न करून पाहिला.

दोन आठवड्यांनी चौकशी झाली. टॅम्पिनीसच्या मोठ्या कॉन्फरन्स रूममध्ये पडद्यावर डेपोची माणसं, इकडे आमची वरची मंडळी, तो आणि मी. त्याने सगळं कबूल केलं. तसं न करून उपायच नव्हता. रोज शब्द बदलायची खोडही निघाली. कुणीतरी दोन हिवाळ्यांची यादीच काढून आणली होती, एकेक शब्दाची. ती वाचून दाखवली तेव्हा पडद्यावरची माणसं हसली नाहीत. त्याने मान खाली घातली होती. मला वाटलं होतं, हा क्षण मी लाडूसारखा खाईन. खाल्लाही. फक्त माझी नजर पुन्हा पुन्हा डाव्या मनगटावरच्या घड्याळाकडे जात होती.

मग पडद्यावरून त्या बाईने मला विचारलं, "तुझ्या लक्षात कधी आलं?"

"फोन केला त्याच्या दोनेक मिनिटं आधी," मी म्हणाले. "पाहिलं आणि लगेच केला."

तिने मान हलवली. कुणीतरी ते लिहून घेतलं.

मार्चमध्ये माझा पास पुढे झाला. टेबल माझं, बुलेटिनखाली नाव माझं. त्याचा शेवटचा दिवस होता तेव्हा तो खोकं घेऊन लिफ्टपाशी उभा होता. मी शिष्टाचार म्हणून गेले. "सर, पुण्यात काही ठरलंय का?" मी विचारलं. तो लिफ्टच्या आकड्यांकडे बघत, अगदी सहज, मराठीत म्हणाला,

"दहा वाजून आठ मिनिटांनी उघडलं होतंस तू ते."

मी त्याच्या खोक्याचं उघडं झाकण दाबून बसवलं.

"सिस्टिमच्या लॉगमध्ये असतं सगळं, कुणी काय केव्हा उघडलं ते. चौकशीच्या आदल्या दिवशी पाहिलं मी."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगून काय झालं असतं? मी जाणारच होतो. टेबलावर दोघंही नसते. मग त्या गावांना कुणी सांगितलं असतं, केव्हा गोठणार ते?" लिफ्ट आली. खोकं आत ठेवून तो वळला. "तुला येतं ते. मला कधीच तितकं येत नव्हतं. पण तुला माहीत असावं, की मला माहीत आहे."

दार बंद झालं. मी तिथेच उभी राहिले. माझा राग मी सात वर्षं जपला होता, खाऊपिऊ घातला होता, आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात या माणसाने तो माझ्या हातून काढून घेतला. त्याने उपकार केला की डाव उलटवला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माझी इंग्रजीत बदनामी करणारं ते पत्र मी त्याला कधीतरी माफ करेन. हे गप्प राहणं नाही करणार.

पुढच्या नोव्हेंबरात तळ्याकाठचा पहिला बर्फ आला. आता मी रोज दहाला बुलेटिन पाठवते आणि वर फोनही करते, हा नियम मीच घातला. पहिल्या दिवशी फोन त्या बाईने उचलला नाही. एका पुरुषाचा आवाज होता, जाड, सावकाश. गाडीवर चढता येत नाही म्हणून डेपोने त्याला फोनपाशी बसवलं होतं. आता हिवाळाभर, आठवड्यातले पाच दिवस, मी त्याच्याशीच बोलणार होते.

"तूच ना ती?" तो म्हणाला. "जिने पाहिलं आणि लगेच फोन केला?"

मागे कुठेतरी गाड्या सुरू होत होत्या. त्याने खुर्ची सरकवली असावी, कारण त्याला एकदम कळ आल्याचा आवाज आला.

"हो," मी म्हणाले, आणि वाऱ्याची दिशा सांगायला लागले.